बारा फळ्यांच्या साडेतीन

गुरुवारी सकाळी मी सीडींच्या दोन हजार एकशे चाळीस डब्या नऊ गोण्यांत भरून भंगारवाल्याला दिल्या. शुक्रवारी दुपारी मला कळलं की त्या डब्या रिकाम्या नव्हत्या.

हे आधीच सांगून टाकतो, कारण या अंकासाठी माझ्याकडे मागितलेला लेख वेगळा होता. लहान घरात गाण्यांचा मोठा संग्रह कसा मावतो, लोक काय काय युक्त्या करतात, असं काहीतरी खुसखुशीत लिहा, असं संपादक म्हणाले होते. मी हो म्हटलं तेव्हा माझी बायको सुनंदा हयात होती. लेखाचं पहिलं पान वाचून तिने 'बरंय' असं म्हटलंही होतं. ते पान मी फाडलं. गमती आहेत, त्याही येतील. पण मी रागात लिहितो आहे आणि राग निवल्यावर लिहू असं म्हटलं तर हा लेख कधीच व्हायचा नाही.

मी ग्रंथपाल. घाटकोपरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं होतो, त्यातली बावीस श्राव्य विभागात. श्राव्य विभाग म्हणजे एक अरुंद खोली, चार हेडफोन आणि भिंतभर तबकड्या. आधी लाखेच्या, मग एलपी, मग सीडी. निवृत्त झालो त्याच महिन्यात आमच्या एका जुन्या प्राध्यापकांचा फोन आला. घरात चौदाशे एलपी आहेत, बायकोने बोलणं टाकलंय, येऊन काहीतरी करा. मी गेलो, चार दिवस बसून सगळं लावून दिलं, बाई बोलू लागल्या. प्राध्यापकांनी ते आणखी दोघांना सांगितलं. तेव्हापासून आठ वर्षं मी उपनगरातल्या लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या तबकड्या लावून देतो. या कामाला नाव नाही. सुनंदा म्हणायची, "कोणी विचारलं तर सांगत जा, दुसऱ्यांच्या भिंती आवरतो."

सोबत गावडे. गावडे सुतार, मूळचा मालवणकडचा, राहायला भांडुपला, वयाने माझ्याएवढाच. मी मोजतो, तो कापतो.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं, म्हणून थोडं सांगतो. एलपीची तबकडी बारा इंचांची असते. ग्राहकाच्या घरचा सुतार मग बारा इंच खोलीचं कपाट करतो. पण तबकडी कव्हरात असते आणि कव्हर बारा इंचांहून थोडं मोठं. कपाटाचं दार बंद होत नाही, की सगळे तबकडीला दोष देतात. आम्ही तेरा इंच धरतो. दुसरं म्हणजे वजन. शंभर एलपी चोवीस-पंचवीस किलो भरतात. चार फुटांच्या फळीला मध्ये आधार दिला नाही, तर वर्षात ती हमालाच्या पाठीसारखी वाकते. तिसरं, तबकडी उभी ठेवायची. पुस्तकासारखी उभी, शेजारणीला टेकून, पण दाबून नाही.

या तिसऱ्या गोष्टीवरून बोरिवलीचं एक घर आठवतं. निवृत्त बँक अधिकारी, दोन खोल्या, सहाशे एलपी. त्यांनी जागा वाचवायला सगळ्या तबकड्या पलंगाच्या पोटात आडव्या रचल्या होत्या, चाळीस-चाळीसच्या थप्प्या. वर गादी, गादीवर नवरा-बायको. वरची एक काढून लावली तर सुई समुद्रातल्या होडीसारखी वरखाली होत होती. खालच्या तर पापडासारख्या वळलेल्या. मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "म्हणजे बारा वर्षं मी ह्यांच्या गाण्यांवर झोपतेय, आणि ह्यांना वाटतंय मी गाणी ऐकत नाही." सहाशेतल्या दोनशे गेल्याच. उरलेल्या आम्ही पॅसेजमध्ये दोन्ही भिंतींना उभ्या लावल्या. साहेबांचं पोट अडकायचं, तेव्हा ते आडवे होऊन चालत. तक्रार केली नाही.

अंधेरीला एक टॉवर आहे. तिथल्या चोविसाव्या मजल्यावर मला एका तरुण जोडप्याने बोलावलं. एलपी त्यांच्या नव्हत्या, मुलीच्या आजोबांच्या होत्या. आजोबा जाऊन महिना झाला होता. कपाट आधीच बनलेलं, खोली अकरा इंच, कारण त्यापेक्षा एक इंच जास्त घेतला तर सोफा सरकवावा लागत होता. मुलगी सभ्य होती. तिने मला कॉफी दिली आणि विचारलं, "काका, कव्हरं एका बाजूने दीड इंच कापता येतील का? आतली रेकॉर्ड न कापता?"

"रेकॉर्ड बारा इंचांची आहे," मी म्हटलं.

"म्हणजे नाही बसणार?"

"नाही."

"मग रेकॉर्ड दुसरीकडे ठेवू. कव्हरं दिसली पाहिजेत ना, रंगाप्रमाणे."

गावडेने टेप गुंडाळला. आम्ही कॉफी अर्धी टाकून उठलो. लिफ्टमध्ये गावडे म्हणाला, "म्हातारो सुटलो रे. नायतर त्याकाय दीड इंच कापल्यानी असतो." त्या दिवशी मी हसलो होतो. घरी येऊन सुनंदाला सांगितलं, तीही हसली. त्या मुलीविषयी आम्ही दोघं काय काय बोललो. आज मला त्या मुलीपेक्षा मी वेगळा वाटत नाही. फरक असला तर इतकाच, की तिने आधी विचारलं.

आणि एक बाई होत्या वेसाव्याच्या, जयवंतीबाई. कोळीवाड्यात घर, दारापासून पन्नास पावलांवर खाडी. नवरा लग्नाच्या बँडमध्ये सनई वाजवायचा आणि हाताला लागेल ती तबकडी आणायचा. तो गेला. मुलाला माळा हवा होता, म्हणून मुलानेच मला बोलावलं. माळ्यावर बघतो तर तबकड्या मासळीच्या थर्माकोलच्या पेट्यांत. मी मनातून हात टेकले. समुद्राकाठच्या घरांत बुरशीने कव्हरं कशी काळी पडतात ते मी पुष्कळ पाहिलं होतं, आणि हे तर माशांचे खोके. पहिल्या पेटीची चिकटपट्टी काढली. आत कोरडं. बुरशीचा एक ठिपका नाही, वास नाही. तबकड्या उभ्या, मध्ये वर्तमानपत्राच्या घड्या.

"कोणी शिकवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"शिकवायला काय लागतं, मास्तर. पेटीतला थंडावा बाहेर जात नाय, तर बाहेरचा दमट आत कसा येल?"

मी मुलाच्या सांगण्यावरून त्यांना समजवायला लागलो. निम्म्या तबकड्या दोन-दोनदा आहेत, काही फुटक्या आहेत, तेवढ्या काढल्या तर सहा पेट्यांच्या तीन होतील, माळ्यावर एवढी जागा वाचेल. त्या कोळंबी सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याची जागा वाचवून मी काय करू? तिथं नाचू?"

मुलगा म्हणाला, "आये, सर शिकलेले आहेत."

"असतील. माणूस गेला तेवढी जागा झाली की घरात. आणि किती पायजे?"

मी परत आलो. सुनंदाला म्हटलं, हट्टी बाई आहे, काम झालं नाही. सुनंदा भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मला ती बाई आवडली."

आता सीडीकडे येतो.

सीडीची डबी म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची. दारातून पुस्तिका सहज सरकते. आत एक ट्रे असतो, त्याच्या दातांत चकती बसते. बहुतेक जुन्या डब्यांचा ट्रे काळा असतो. त्या ट्रेच्या खाली आणखी एक कागद असतो, ज्याच्या दुमडलेल्या कडांवर नाव छापलेलं असतं. तो मागचा कागद काढायचा तर ट्रे उचकावा लागतो. जपून केलं नाही तर दात तुटतात. चकती, पुस्तिका आणि हा कागद एका पातळ पाकिटात घातला आणि डबी टाकून दिली, की दहा मिलिमीटरचे तीन होतात. बारा फळ्यांचा संग्रह साडेतीन फळ्यांत येतो. लोकांना हे गणित फार आवडतं. मी ते प्रत्येक घरी पहिल्याच भेटीत सांगायचो आणि त्यांचे चेहरे उजळताना बघायचो. तो माझा हुकमाचा पत्ता होता.

त्यात माझा एक नियम होता. मागचा कागद काढल्याशिवाय डबी टाकायची नाही. लोक कंटाळायचे. "सर, गाण्यांची यादी पुस्तिकेत आहेच की." मी म्हणायचो, असू दे. बोथट सुरीने एकेक ट्रे उचकायचा, कागद सपाट करायचा, पाकिटात घालायचा. एका डबीला मिनिटभर. आठ वर्षांत शेकडो घरं झाली आणि एकाही घरी मी हा नियम मोडला नाही. गावडे साक्षीला आहे.

आमच्या मुलुंडच्या घरी सीडी सुनंदाच्या होत्या. ती पोस्टात होती, आणि शास्त्रीय संगीत तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. मी तबकडी ओळखायचो, ती गाणं. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर गावडेने सहा फूट रुंदीच्या बारा फळ्या मारून दिल्या होत्या, जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत. सीडी घरात यायला लागल्यावर दोनेक वर्षांनी केव्हातरी मी तिला एका पुस्तिकेवर बॉलपेनने लिहिताना पकडलं. पकडलं हाच शब्द बरोबर आहे. कॉलेजात मुलं पुस्तकांत लिहायची, त्यांना जसा बोलायचो तसा तिला बोललो.

"पुस्तिकेवर शाई? दहा वर्षांत कागद खाऊन टाकेल."

"मग कुठे लिहू?"

"लिहायलाच हवं का?"

"हो."

"मग मागच्या कागदाच्या आतल्या बाजूला. ट्रेखाली. तिथे उजेड लागत नाही, हात लागत नाही. आणि पेन्सिलीने. तारीख घालत जा."

"बरं, ग्रंथपाल," ती म्हणाली. "तारीख तू घाल."

एवढं बोलणं झालं. त्यानंतर मी तिला लिहिताना कधी पाहिलं नाही. तिने नाद सोडला असं मी समजलो. खरं म्हणजे मी काहीच समजलो नाही, कारण मी तो विचारच केला नाही. मी नियम सांगितला होता. लोकांनी नियम पाळला की ग्रंथपालाचं लक्ष त्यांच्यावरून उडतं.

आमची इमारत पाडून नवी बांधायची हे सात वर्षं चाललं होतं. सुनंदा गेली त्यानंतर पाच महिन्यांनी सगळ्यांच्या सह्या झाल्या. सेक्रेटरी घरी आले. सांत्वनाला म्हणून बसले आणि चहा संपेपर्यंत कामाचं बोलले. महिनाअखेर चावी द्यायची. मी म्हटलं, मला दोन महिने हवेत, घरात तिच्या वस्तू आहेत. ते म्हणाले, "काका, बघा, एका माणसासाठी अठ्ठावीस घरं थांबवता येत नाहीत ना. आणि तुमचं तर कामच हे. तुम्हाला काय अवघड?"

या वाक्याचा मला अजून राग येतो. कारण त्या वेळी मला त्याचा राग आला नव्हता. मला बरं वाटलं होतं.

भेटायला येणारे लोक एकच सांगत होते. आता हे सगळं काढून टाका, हलकं वाटेल. ज्यांनी आयुष्यात तिच्याबरोबर बसून एक अख्खं गाणं ऐकलं नाही, तेही भिंतीकडे हात करून हेच सांगत. हलकं वाटावं असं कोणाला वाटत होतं? मला तर नव्हतं. तिला जाऊन चौथा महिना होता आणि आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मला म्हणाले, ही भिंत रिकामी झाली की खोली केवढी मोठी दिसेल. पाडायच्या इमारतीतली खोली. ती मोठी दिसून कोणाला दाखवायची होती?

नाहूरला भाड्याची जागा मिळाली. एक खोली, एक स्वयंपाकघर. आमचा मुलगा निखिल मालाडला राहतो. तो येऊन जागा बघून गेला. "बाबा, एक सोफा-कम-बेड टाकू या. आम्ही तिघं राहायला आलो तर?" मला ते पटलं. तिघं राहायला येतील, नात येईल. भिंत एकच होती, त्यामुळे सीडी साडेतीन फळ्यांत बसवायच्या ठरल्या.

माझ्याकडे नऊ दिवस उरले होते. दोन हजारांवर डब्या. प्रत्येक ट्रे उचकायला एक मिनिट धरलं तर नुसते छत्तीस तास सुरी चालवायची. स्वयंपाकघर बांधायचं होतं, तिची कपाटं होती, बँकेची कामं होती. आणि मनात एक विचार होता, तो लिहिताना हात थांबतो. मागचे कागद कशाला हवेत, असा तो विचार. या संग्रहाची सूची मीच केली आहे, वहीत सगळी नावं आहेत. लोकांना नियम लागतो कारण लोकांकडे वही नसते.

निखिल गोण्या घेऊन आला. दोन दिवस आम्ही दोघं जमिनीवर बसून होतो. चकती काढायची, पुस्तिका काढायची, पाकिटात घालायची, डबी गोणीत. त्याने एकदा विचारलं, "बाबा, हा मागचा कागद?"

"राहू दे," मी म्हटलं.

गावडे फळ्या सोडवायला आला. बाराच्या बारा स्क्रू-ड्रायव्हरने काढल्या. एक फळी हातात धरून तो उभा राहिला. "मेल्या, वयनी गेली म्हणान भिंत पण काढतंस?"

"जागा नाही रे तिकडे."

"मोजलंस?"

"मोजलं," मी म्हटलं. मी मोजलं होतं ते सोफ्यासकट.

गुरुवारी गोण्या गेल्या. मागे सतरा दुहेरी डब्या राहिल्या, दोन-दोन चकत्यांच्या जाड डब्या. त्यांच्या मापाची पाकिटं दुकानात नव्हती, ती शुक्रवारी आली. मला त्या दिवशी दुपारी काही काम नव्हतं. सतराच तर होत्या. म्हणून सवयीने, रीतीप्रमाणे, मी सुरी घेतली आणि पहिल्या डबीचा ट्रे उचकला.

कागदाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने चार ओळी होत्या. पोस्टातलं अक्षर, सुटं सुटं. 'आज दुसरी चकती अर्धीच. गॅसवाला आला. नंतर पुन्हा पहिल्यापासून. हा घरी नाही, म्हणून मोठ्याने.'

मी दुसरी उघडली. मग तिसरी. मग मी तशीच सुरी हातात घेऊन जिना उतरलो.

भंगारवाल्याचं दुकान रस्त्याच्या टोकाला. नऊच्या नऊ गोण्या कालच फोडल्या होत्या. आता तिथे पारदर्शक तुकड्यांचा एक ढीग होता आणि काळ्या तुकड्यांचा दुसरा. मी कागदांचं विचारलं.

"वो चिकना कागज? वो कौन लेता है, काका. कचरे में डाल दिया. सुबह गाड़ी ले गई."

"कुठे?"

"देवनार."

मी रिक्षा केली. डंपिंगच्या फाटकावरच्या माणसाने मला आत सोडलं नाही. माझ्या हातात सुरी होती हे माझ्या लक्षात नव्हतं, त्याच्या आलं होतं. त्याने आधी ती मागून घेतली, मग विचारलं, "काय हरवलंय?"

"कागद."

"घराचे?"

"नाही."

"मग मुलाचे? सर्टिफिकेट?"

"नाही. गाण्यांच्या डब्यांतले. हिने लिहिलेले."

त्याने मागे वळून बघितलं. मीही बघितलं. तिथे काय दिसतं ते मुंबईकराला सांगायला नको. तो म्हणाला, "काका, आजच्या गाड्या कुठे रिकाम्या झाल्या ते मला पण सांगता नाय येणार." निघताना त्याने सुरी परत दिली, कागदात गुंडाळून. तो माणूस चांगला वागला. मला त्याचाही राग आला.

घरी येऊन मी उरलेल्या डब्या उघडल्या आणि निखिलला फोन केला. जे बोलायला नको ते सगळं बोललो. सोफ्याची घाई तुझी, गोण्या तुझ्या. तो ऐकत होता. मग म्हणाला, "बाबा, मी विचारलं होतं. मागच्या कागदाचं मी विचारलं होतं." ते खरं होतं. पुढे त्याने विचारलं, "माझ्याबद्दल आहे का काही?"

एक होतं. 'निखिलचा निकाल. हा पेढे आणायला गेला. तेवढ्यात तीन गाणी झाली. मुलगा पहिल्यांदा शेजारी बसून ऐकत होता.' मी ते वाचून दाखवलं. त्याने सांगितलं की त्याला ते आठवत नाही.

आणखी एक माझ्याबद्दल आहे. 'हा आज पुन्हा बोरिवलीला. दुसऱ्यांच्या भिंती आवरतोय. एकटीने ऐकली. बरं वाटलं.' हे मी किती वेळा वाचलं असेल सांगता येत नाही. त्यातलं 'बरं वाटलं' मला कळतं, आणि कळलं तरी त्रास द्यायचा तो देतंच.

आणि एक असं आहे. 'डॉक्टरांकडे जाऊन आले. याला रविवारी सांगेन. आज नुसतं ऐकायचं.'

तिने मला आजाराचं सांगितलं ते रविवारीच. मी चहा गाळत होतो. पण तो त्याच आठवड्यातला रविवार होता, की मधे आणखी रविवार गेले, हे मला माहीत नाही. कागदावर तारीख नाही. तारीख तू घाल, असं ती म्हणाली होती आणि मी घातली नाही. ती दोन हजार डब्यांपैकी कुठल्यातरी डबीत पुढचं लिहून गेली असेल. किती दिवस ती एकटी त्या गोष्टीबरोबर बसून गाणं ऐकत होती, आठवडा, महिना, की त्याहून जास्त, ते त्यात असेल. ते मला विचारायचं होतं आणि विचारायची जागा तीच होती. मला तिचाही राग येतो. इतकं सगळं माझ्या डोक्याइतक्या उंचीच्या भिंतीत लिहून ठेवायचं आणि एकदाही म्हणायचं नाही, की अरे, ट्रे उचकून बघ. पण ती माझ्याच नियमाप्रमाणे वागली. नियम मोडला तो मी, आठ वर्षांत एकदा, आणि तो तिच्याच भिंतीला.

गावडे गेल्या महिन्यात नाहूरला आला. त्याने टेप काढला, सोफा ओढला आणि भिंत मोजली. सहा फूट दोन इंच. फळ्या सहा फुटांच्या होत्या.

"बसली असती रे," तो म्हणाला.

मी म्हटलं, माहीत आहे.

सोफा-कम-बेडवर अजून कोणी झोपलेलं नाही. निखिलची मुलगी यंदा दहावीला आहे, तिचे क्लास असतात, यायला जमत नाही.

मला अजून फोन येतात. मी जातो. बारा फळ्यांच्या साडेतीन होतात हे गणित सांगत नाही. आधी एक डबी मागून घेतो, ट्रे उचकतो आणि घरातल्या माणसांसमोर मागचा कागद उलटा करून बघतो. आतापर्यंत कोणाच्या घरी काही निघालेलं नाही. लोक घड्याळ बघतात. मी पुढची डबी घेतो.

माझ्याकडे चकत्या सगळ्या आहेत, त्या साडेतीन फळ्यांत आहेत आणि चांगल्या वाजतात. सतरा दुहेरी डब्या मी पाकिटांत घातल्या नाहीत, तशाच ठेवल्या आहेत. चौदांत कागदामागे लिहिलेलं आहे. तीनांत काही नाही.